सतरा नंबरची जागा

१

थॉर्नशॉ गावात, चॅपल स्ट्रीटवरच्या घरांतून, पुढची खोली ही रोज बसायची खोली नव्हे. पाद्री आला, लग्नाची बोलणी असली, किंवा घरातलं कोणी शवपेटीत निजलं, तर तिचं दार उघडायचं, एरवी बंद. एकट्या ब्रिअर्लींच्या घरात ती खोली रोज उघडी असे, आणि तरी तिथे पाहुण्याला टेकायला जागा नसे. तिथे कागद राहत होता.

एडविन ब्रिअर्लीने आधी ट्रामच्या आणि मग बसच्या तिकीट कचेरीत चाळीस वर्षं काढली आणि घरी येताना रोज खिशातून काही ना काही आणलं. जुनी तिकिटं, नाटकांच्या जाहिराती, साबणाची वेष्टनं, काळ्या काठाच्या मयताच्या पत्रिका आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली कार्डं. जहाजं, पक्षी, क्रिकेटवाले, सरदारांच्या टोप्या. पन्नास-पन्नासाचे संच, प्रत्येक कार्डाच्या पाठीवर नंबर आणि चार ओळी माहिती. त्याने स्वतः आयुष्यात एक सिगारेट ओढली नव्हती. पण दुसऱ्यांनी ओढावी म्हणून मनातून प्रार्थना करणारा अख्ख्या चॅपलमध्ये तो एकटाच असेल. महायुद्धात कागद मिळेना म्हणून कंपन्यांनी कार्डं बंद केली, तेव्हा त्याने आठ दिवस धड जेवण घेतलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सकाळी नऊ ते बारा तो खिडकीशी टेबल मांडून बसे. दिव्याच्या उजेडात त्याने कधी कार्डाला हात लावला नाही, कारण दिव्याखाली रंग खोटं बोलतात. हात धुतलेले, बाह्या दुमडलेल्या, भिंग उजव्या हाताशी. अकराच्या ठोक्याला दारात त्याची बहीण हिल्डा उभी राही आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवी: चहा. तिने तीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढली होती. तिथल्या गडगडाटात बायका ओठांनीच बोलायच्या, लग्नं ठरवायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या, आणि हिल्डाची ती सवय गिरणी सुटली तरी सुटली नाही. एडविनला तिचे ओठ वाचता येत. खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही तो तिची शिवी ओळखे.

दोघांचंही लग्न झालं नाही. त्याला ती आणि तिला तो, एवढाच संसार. बोलताना ती त्याला घालूनपाडूनच बोले, पण रात्री त्याचे मोजे रफू केलेले असत.

२

संग्राहकांच्या मंडळाचं एक चार पानी मासिक निघे. त्यात 'हवंय' आणि 'देतो' अशी दोन सदरं. अदलाबदलीचा नियम पोरालाही पाठ असावा असा होता: एकास एक, आणि ज्याला हवंय त्याने आधी पाठवायचं. तुम्ही तुमचं कार्ड अनोळखी माणसाच्या नावाने टपालात टाकायचं आणि त्याचं येईल या भरवशावर बसायचं. एवढ्या वर्षांत एडविनला कोणी फसवलं नव्हतं. त्याचा या नियमावर बायबलइतका विश्वास होता.

राणीच्या राज्याभिषेकाच्या उन्हाळ्यात 'देतो'मध्ये एक ओळ आली. 'अल्बम एक. पंचवीस कार्डांचा संच. एक कमी. बदल्यात काहीही चालेल.' खाली कोण्या मिसेस फेअरक्लफचा पत्ता होता. एडविनने लिहून विचारलं, ट्रामच्या तिकिटांची एक जुडी देऊ का. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी अल्बमच आला. त्याने काही पाठवायच्या आत आला. नियमाला सोडून झालेली ही पहिली गोष्ट. पण फुकटचं हाती येतंय म्हटल्यावर माणूस नियमाचा फार विचार करत नाही.

सोबत चिठ्ठी होती: 'माझ्या नवऱ्याचा होता. रिकामी जागा आहे ती तशीच राहू द्यावी.'

हिल्डाने ती चिठ्ठी त्याच्या खांद्यावरून वाचली. "बघ, बाई शहाणी आहे," ती म्हणाली. "राहू दे म्हणतेय तर राहू दे."

एडविन हसला. संग्राहकांच्या बायकांना काय कळतं, असं त्याला वाटलं. ते हसणं त्याला पुढे फार महाग पडणार होतं.

३

अल्बमवर कंपनीचं नाव नव्हतं. कार्डांवरही नव्हतं. मालिकेचं नाव 'घरचे' एवढंच. प्रत्येक कार्डावर एकेक माणूस, एखाद्या साध्या खोलीत, एखादं साधं काम करत असलेलं. अल्बममध्ये प्रत्येक कार्डासाठी कोपरे अडकवायच्या चार चिरा आणि खाली छापील ओळ: '४. आजी, लोकर गुंडाळताना.' '९. नवरा, बूट पुसताना.' '१२. मोलकरीण, कोळसा आणताना.' रंग सुरेख होते. सतरा नंबरच्या चिरा रिकाम्या होत्या.

सूचीत हा संच नव्हता. मंडळाचे चिटणीस पेनकेथ यांनी कळवलं की असा संच त्यांनी ऐकलेला नाही, आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात तो मांडला तर बक्षीस कोणाला ते सांगायलाच नको. मात्र प्रदर्शनात पूर्ण संचच घेतात. एडविनने आयुष्यात कधी बक्षीस घेतलं नव्हतं.

तो रोज सकाळी भिंग घेऊन त्या चोवीस कार्डांवर वाकू लागला. तिसऱ्या सकाळी त्याला खटकलं. चार नंबरच्या आजीजवळ मेणबत्ती होती. बाराच्या मागे गॅसचा दिवा. नवव्या कार्डातल्या नवऱ्यामागे फडताळावर रेडिओ होता, तोही लढाईनंतरचा. एडविनच्या स्वयंपाकघरातही तसाच होता. पण संच हा एका वेळी, एका छापखान्यात छापतात. कागद एकच होता, शाई एकच. मग या माणसांच्या काळात साठ-सत्तर वर्षांचं अंतर कसं?

चित्रकाराने मुद्दाम जुना आणि नवा काळ दाखवला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. ते पटलंही. मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. चोवीसही जणांची नजर कामावर नव्हती. मान किंचित वळलेली आणि डोळे वर, डाव्या कोपऱ्याकडे, चौकटीच्या बाहेर. सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागले होते, आणि ती जागा चित्रात कुठेच नव्हती.

आणखी एक. बाकीच्या ओळींची शाई जुनी, तपकिरी पडलेली. सतराव्या रिकाम्या जागेखालची ओळ मात्र काळीभोर होती: '१७. बहीण, चहा ओतताना.' आणि तिथल्या चिरा सैल होत्या, पानावर कार्डाच्या आकाराचा फिकट चौकोन होता. म्हणजे इथे पूर्वी कार्ड होतं आणि कोणीतरी ते काढून घेतलं होतं.

४

दोन महिने 'हवंय'मध्ये 'घरचे, नंबर १७' छापून आलं. उत्तर नाही. ऑगस्ट संपत आला. एडविनला ती चौकट जेवताना दिसे, चॅपलमध्ये प्रवचन चालू असताना दिसे. दात पडला की जीभ जशी तिथेच जाते तसं त्याचं मन तिथे जाई.

"एवढी एक जागा रिकामी बरी दिसत नाही," तो हिल्डाला म्हणाला.

"माझ्या तोंडात सहा रिकाम्या आहेत," हिल्डा म्हणाली. "त्यांची तुला कधी काळजी वाटली नाही."

मग त्याला तो फोटो सापडला. राज्याभिषेकाच्या दिवशी अख्ख्या रस्त्याने टेबलं लावून जेवण केलं होतं, आणि शेजारच्या आयव्ही क्रॅबट्रीच्या जावयाने फोटो काढले होते. एका फोटोत हिल्डा होती. डोक्यावर कागदाची टोपी, हातात चॅपलची ती अवाढव्य किटली, दोन्ही हातांनी धरलेली, आणि ती चहा ओतत होती.

संग्राहकांत एक जुनी सवय असते. कार्ड मिळेपर्यंत जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून तिथे त्या मापाचा एखादा कागद लावायचा. त्याला ते बदली म्हणतात. त्यात खोटं काही नाही, सगळ्यांनाच कळतं. एडविनने बहिणीचा फोटो कार्डाच्या मापाने कापला. कात्री चालवताना तिची कागदी टोपी अर्धी गेली. शनिवारी, सकाळी साडेअकराला, त्याने फोटोचे चार कोपरे चार चिरांत सरकवले. अगदी चपखल बसला. त्याला मोठं समाधान वाटलं, आणि त्याच वेळी मानेवरून काहीतरी गार उतरलं. खिडकी बंद होती.

५

रविवारी संध्याकाळी पाच वाजता चहाला, म्हणजे चहाबरोबरच्या जेवणाला, दोघं बसले. भाजलेले बटाटे होते, बीट होतं. हिल्डा चॅपलमधल्या कोणाच्या तरी नव्या हॅटबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिने किटली उचलली, आणि तिची मान किंचित वळली. डोळे वर गेले, डाव्या कोपऱ्याकडे.

कप भरला. बशी भरली. चहा टेबलावरून तिच्या मांडीवर ओघळला, तरी धार चालूच.

"हिल्डा!"

ती भानावर आली. किटली खाली ठेवून तिने ओल्या फडक्याने टेबल पुसलं आणि पुन्हा हॅटकडे वळली. कुठे बघत होतीस, त्याने विचारलं. कुठेच नाही, मान आखडलीय, ती म्हणाली. कढत चहा मांडीवर सांडला होता तरी ती कळवळली नव्हती. हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ते बाजूला सारलं. साठीची बाई, दमली असेल.

सोमवारी ती तीनदा तशी उभी राहिली. एकदा कपडे वाळत घालताना, हातात काहीच नसताना. तिचे दोन्ही हात पुढे धरलेले होते, जड काहीतरी पेलत असल्यासारखे. एडविनने तिला खांद्याला धरून हलवलं तेव्हा तिचा खांदा त्याच्या हाताला फार हलका लागला.

आता त्याला भीती वाटत होती. ती भीती कशाची आहे हेही त्याला ठाऊक होतं. पण अल्बम दिव्याखाली उघडायचा नाही हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम, आणि त्या नेमाआड तो लपला. सकाळी बघू, तो म्हणाला.

६

मंगळवारी अकराचा ठोका पडला. दारात हिल्डा आली नाही.

स्वयंपाकघरातून ओतल्याचा आवाज येत होता. बारीक, संथ, न थांबणारी धार. तो उठून गेला. स्वयंपाकघर रिकामं होतं. कप ओला होता, चुलीवर आधण होतं, मागचं दार आतून बंद. तो आत शिरला आणि आवाज बंद झाला. पुढच्या खोलीत परत आला की पुन्हा सुरू. तीनदा त्याने तसं करून पाहिलं. चौथ्यांदा त्याला कळलं की आवाज स्वयंपाकघरातून येतच नाही. तो टेबलावरून येत होता.

त्याने अल्बम उघडला. सतरा नंबरला फोटो नव्हता. तिथे कार्ड होतं. रंगीत, छापील, बाकीच्यांसारखंच. हिल्डा, अर्धी कागदी टोपी, किटली. मागे रस्ता नव्हता, खोली होती. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत होती. कार्डात तिची मान वळलेली होती.

त्याने कार्ड सोडवलं. पाठीवर नंबर होता आणि एकच ओळ: 'बहीण चहा ओतते. तिला भावाखेरीज कोणी नाही.' तो वाचत होता तेवढ्यात पुढचे रंग उडू लागले. भर उन्हात वर्षभर ठेवलेल्या कार्डाचे उडतात तसे, पण त्याच्या डोळ्यांसमोर. आधी टोपी गेली, मग गाल. त्याने घाईघाईने कार्ड परत चिरांत घातलं. रंग थांबले. गालाचा रंग काही परत आला नाही.

हवालदार येऊन गेला. भांडण झालं होतं का, त्याने विचारलं. कोणाकडे गेल्या असतील का, मोरकमला समुद्रावर वगैरे. आयव्ही क्रॅबट्री दारात उभी होती. ती नेहमी दारातच उभी असे, आत न येता तासभर बोले.

"तिची हॅट खुंटीवर आहे, मिस्टर ब्रिअर्ली," आयव्ही म्हणाली. "तीस वर्षांत हिल्डा बोडक्या डोक्याने पेटीपर्यंतसुद्धा गेली नाही पत्र टाकायला."

ती त्याच्याकडे नीट बघत होती. एडविनने खुंटीवरची ती हॅट उगाचच सरळ केली. बहीण पुढच्या खोलीत आहे, असं सांगितलं असतं तर तिने हवालदाराला परत बोलावलं असतं.

७

दुसऱ्या सकाळी नऊला त्याने भिंग धरलं. हिल्डाचे ओठ बदलले होते. काल मिटलेले होते, आज उघडे, गोल. तिसऱ्या सकाळी निराळेच. दिवसभर तो टक लावून बसला तरी काही हललं नाही. पण रोज सकाळी एकेक आकार नवा असे, आणि तो आकार त्याच्या ओळखीचा होता. ती गिरणीतलं बोलणं बोलत होती. तिला दिवसाला एकच आकार मिळत होता.

त्याने ते एका तिकिटामागे लिहून घेतले. त्या दिवसांत तो नीट झोपला नाही, जेवला नाही, चॅपलला गेला नाही. मिसेस फेअरक्लफला त्याने तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली, त्या घरात आता कोणी राहत नव्हतं. धार चालूच होती. झोपायच्या खोलीत, दारं लावून, डोक्यावर उशी घेऊनही ती ऐकू येई.

आठव्या सकाळी वाक्य पुरं झालं. एडविनला वाटलं होतं ती मदत मागेल, नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली होती: हात भरून आलेत.

तो टेबलावर डोकं टेकून रडला. साठ वर्षांत तिने कधी दमले म्हणून सांगितलं नव्हतं. गिरणीतून दहा तास उभी राहून यायची आणि त्याच्यासाठी बटाटे सोलायला घ्यायची, आणि तो पुढच्या खोलीतून मानही वर करत नसे.

८

रडून झाल्यावर त्याने शेवटचं पान उलटलं. पंचवीस नंबरनंतर तिथे अर्धं पान कोरं असे. आता तिथे चार चिरा होत्या आणि खाली काळीभोर ओळ: '२६. भाऊ, भिंगातून बघताना.' त्याने एक कार्ड उलटून पाहिलं. कालपर्यंत पाठीवर 'पंचवीसची मालिका' होतं. आता 'सव्वीसची' होतं.

अल्बम शेगडीत घालावा असं पहिल्यांदा मनात आलं. पण हिल्डा त्यात होती. उठून पळून जावं असंही आलं. पण हिल्डा त्यात होती.

मग त्याला सतराव्या जागेच्या त्या सैल चिरा आठवल्या. तिथे आधी एक कार्ड होतं, आणि कोणीतरी ते काढून नेलं होतं, रंग उडू न देता. म्हणजे काढता येतं. कसं, हे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं. अल्बम ज्या कोणाचा होता तो संग्राहक होता, आणि संग्राहक एकाच तऱ्हेने कार्ड सोडतो: बदल्यात दुसरं मिळालं तर.

त्याच्याकडे मंडळाच्या सभासद-पत्रावरचा स्वतःचा फोटो होता. त्याने तो मापाने कापला. एका पट्टीवर नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं: 'हवंय: नंबर १७, चांगल्या स्थितीत. देतो: नंबर २६. एकास एक.' खाली सही केली. अक्षर हललं तेव्हा ती पट्टी फाडून त्याने दुसरी लिहिली आणि फोटोच्या पाठीवर चिकटवली.

ज्याला हवंय त्याने आधी पाठवायचं. समोरच्याने पाठवलं नाही तर? या प्रश्नाला मंडळाच्या नियमात उत्तर नव्हतं. भरवसा हेच उत्तर होतं. एडविन इतका घाबरलेला होता की त्याला कोपरे चिरांत बसवता येईनात. तीन बसले, चौथा दुमडला. दुमडलेला कोपरा त्याने नखाने सपाट केला. मग त्याने डोळे मिटले आणि तोही बसवला.

ओतल्याचा आवाज थांबला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खोलीत अकराचे ठोके पडले. दारात हिल्डा उभी होती, दोन्ही दंड चोळत. तिने ओठ हलवले: चहा.

एडविनला तिच्याकडे धावायचं होतं. त्याची मान वर आणि डावीकडे वळली, आणि मग ती परत वळेना.

९

इथून खोली छोटी आहे आणि चारी बाजूंना पांढरा काठ आहे. हातात भिंग आहे. वर, डाव्या कोपऱ्याकडे, जिथे ते सगळे बघत असत, तिथे आता त्यालाही दिसतं. तिथे एक चेहरा असतो. अल्बमवर वाकणाऱ्याचा, आभाळाएवढा. चोवीस माणसं एडविनकडेच बघत होती आणि तो वाटेल ते समजत बसला होता.

आज तो चेहरा हिल्डाचा होता. तिचे गाल फिकट होते. पण ती होती. तिच्या डोक्यावर छत होतं, चुलीवर आधण होतं, हातात किटली नव्हती. एडविनचा जीव भांड्यात पडला. त्याने शब्द पाळला होता आणि समोरच्यानेही पाळला होता. मिळालेला आकार त्याने तिच्यासाठी वापरायचं ठरवलं. ती ओठ वाचेल. तिच्याइतकं ओठ कोण वाचतं? दोन दिवसांत एक शब्द होईल: जाळ.

दारात आयव्ही क्रॅबट्री बोलत होती. चॅपल स्ट्रीटवर सगळ्यांना वाटत होतं की हिल्डा आठ दिवस कुठे गेली होती ते तिने सांगावं, आणि हिल्डाला खरंच आठवत नव्हतं. आता तो गायब झाला होता, त्याचीही हॅट खुंटीवर होती. आयव्ही म्हणत होती की या घराला काहीतरी झालंय, तू माझ्याकडे राहायला ये, चार दिवस तरी.

"येते," हिल्डा म्हणाली. पण ती उठली नाही. तिने त्याचं भिंग उचललं होतं. ते तिने त्याच्यावरून फिरवलं, आणि क्षणभर तिचा अजस्र डोळा त्याच्या तोंडावर थांबला. त्याचे ओठ त्या दिवसाच्या आकारात उघडे होते. अजून एक दिवस, हिल्डा. फक्त उद्या सकाळपर्यंत.

डोळा पुढे सरकला. तिने एक पान मागे उलटलं. एडविनला ते पान दिसत नव्हतं, पण तिथे काय आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. चार सैल चिरा, एक फिकट चौकोन. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उतरतंय ते त्याने पाहिलं आणि ओळखलं. दाढी करताना आरशात त्याने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. हिल्डाच्या चेहऱ्यावर ते कधी नव्हतं. ती आयुष्यभर कागदांना हसत आली होती.

"एवढी एक जागा रिकामी बरी दिसत नाही," ती म्हणाली.

"कसली जागा गं?" आयव्हीने दारातूनच विचारलं.

"ही. सतरा नंबरची. शेवटी एडविनने स्वतःलाही लावून ठेवलंय बघ. त्याचा हा शेवटचा संच, पुरा करून प्रदर्शनात मांडावा म्हणते. त्याला बरं वाटेल, असेल तिथे." तिने पानावर बोट टेकवलं आणि वाचलं. "'शेजारीण, दारात.'"

आयव्ही हसली. मग ती मीच की, म्हणाली.

"तीच तू," हिल्डाही हसली, बऱ्याच दिवसांनी. "तुझा एखादा फोटो आहे का? छोटासाच पुरे."

"राज्याभिषेकाचा आहे ना. थांब, आत्ता आणते."

तिच्या चपला दगडी पायरीवरून शेजारच्या घरात गेल्या. हिल्डाने टेबलाचा खण ओढून कात्री काढली आणि ती एप्रनला पुसली. बारा वाजायला दहा मिनिटं होती, उजेड चांगला होता. एडविनचे ओठ पहिल्या आकारात उघडे होते, आणि दुसरा उद्या सकाळी नऊपर्यंत येणार नव्हता.